प्रार्थना कोरडी पडते तेव्हा

उपवासकाळातील तिसरा रविवार
पहिले वाचन : निर्गम १७:३-७
प्रतिसाद स्तोत्र : ९५
दुसरे वाचन : रोमकरांस पत्र ५:१-२, ५-८
शुभवर्तमान : योहान ४:५-४२



आजची सगळी वाचने पाण्याभोवती फिरतात. रानात तहानेने व्याकूळ झालेले इस्राएल लोक मोशेशी भांडतात. चालून दमलेला प्रभू येशू भर दुपारी याकोबाच्या विहिरीपाशी बसतो आणि एका शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागतो. संत पौल रोमकरांना सांगतो की, पवित्र आत्म्याच्या द्वारे देवाची प्रीती आपल्या अंतःकरणात ओतली गेली आहे. बारामती-इंदापूरच्या माणसाला तहान म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. मार्च उजाडला की आपली नजर आपोआप विहिरीच्या तळाकडे जाते. म्हणून आज आपण अशा एका कोरडेपणाविषयी बोलू या, ज्याबद्दल घरात किंवा चर्चच्या आवारात सहसा कोणी उघड बोलत नाही. तो म्हणजे प्रार्थनेतला कोरडेपणा.

घरभेटीला गेलो की ही गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत आमच्या कानावर येते. हातात रोझरी असते, पण मन उसाच्या बिलात अडकलेले असते. मिस्सेत ओठ हलतात, आत काहीच हलत नाही. तपसाधनेहून परतल्यावर दोन महिने डोळ्यांत पाणी येत होते, आता बायबल उघडले की डुलकी लागते. एमआयडीसीत पाळ्या बदलत राबणाऱ्या तरुणाचे हेच, आणि तीस वर्षे न चुकता नोव्हेना करणाऱ्या आजीचेही हेच. ज्या घरातून जिवाचे माणूस गेले, तिथे तर प्रार्थनेला बसले की समोर नुसती भिंत उभी राहते. आम्हा धर्मगुरूंना आणि सिस्टरांनाही हे दिवस चुकलेले नाहीत.

यांतले बहुतेक लोक देवाशी भांडत नाहीत. भांडले असते तर बरे झाले असते, कारण भांडण हेही बोलणेच असते. ते गप्प होतात. आधी घरातली संध्याकाळची प्रार्थना सुटते, मग पापनिवेदन सुटते, मग एखाद-दुसरा रविवार. आपल्यासारख्या लहान धर्मग्रामात बाकावरची एक जागा रिकामी झाली तर लगेच दिसते. ती का रिकामी झाली, हे मात्र आपण विचारत नाही. त्या माणसाने मनाशी एक निकाल लावून टाकलेला असतो : देवाने मला सोडले, किंवा माझी श्रद्धा खोटीच होती. हा निकाल बरोबर आहे का, एवढेच आज आपल्याला पाहायचे आहे.

रफीदीम येथे इस्राएल लोकांनीही असाच प्रश्न केला होता. परमेश्वर आपल्यामध्ये आहे की नाही? तांबडा समुद्र ओलांडलेले, मान्ना खाल्लेले हे लोक. पाणी संपले तेव्हा त्यांना वाटले, देवही संपला. आता देवाने मोशेला काय सांगितले ते नीट वाचा. होरेबातल्या त्या खडकावर मी तुझ्यापुढे उभा राहीन, असे त्याचे आश्वासन आहे. म्हणजे जो खडक लोकांना ठणठणीत कोरडा दिसत होता, त्याच खडकावर देव उभा होता. पाणी नंतर आले. देव आधीपासून तिथे होता.

आपल्या उजनीकडे पाहा. भीमेवरचे हे धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे. त्यातले सुमारे ६३ टीएमसी पाणी ‘मृतसाठा’ म्हणून धरले जाते. टक्केवारी मोजतात ती फक्त त्याच्या वरच्या, उपयुक्त पाण्याची. म्हणून वर्तमानपत्रात ‘उजनी शून्यावर’ असे छापून येते, तेव्हाही धरणात निम्म्याहून अधिक पाणी असते. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेली होती. पळसदेवचे पाण्याखाली गेलेले जुने मंदिर अशा वर्षी उघडे पडते आणि लोक ते पाहायला जातात. आणि त्या उन्हाळ्यात फुगवट्यावरच्या गावांनी पंप लावून जे पाणी उपसले, ते त्याच ‘मृत’ म्हटलेल्या साठ्यातले होते.

आपल्या भावना ही वरच्या पाण्याची मोजपट्टी आहे. आज प्रार्थनेत गोडी वाटली की काटा वर जातो, नाही वाटली की शून्यावर येतो. ही मोजपट्टी खोटी नाही. पण ती तळाचे पाणी मोजत नाही. बाप्तिस्म्यात आपल्याला मिळालेली कृपा, देवाने आपल्याला आपले लेकरू म्हणून दिलेला शब्द, आणि मन लागत नसतानाही आपण पुन्हा प्रार्थनेला बसतो ती इच्छा, हे सारे काट्याच्या खालचे पाणी आहे.

मग हा कोरडेपणा येतो तरी का? येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात त्याची तीन कारणे दिली आहेत. पहिले कारण आपली हयगय. प्रार्थनेला आपण वेळच दिला नसेल, मनात एखादे वैर किंवा लपवलेले पाप धरून ठेवले असेल, तर चारी गाळाने भरलेली आहे. पाणी येणार कुठून? दुसरे कारण पारख. गोडीचा मोबदला मिळाला नाही तरी आपण देवाची सेवा किती करतो, हे त्यातून कळते. तिसरे कारण शिकवण. प्रार्थनेतली गोडी हे आपले कर्तृत्व नसून देवाचे दान आहे, हे आपल्याला कळावे म्हणून ती काही काळ काढून घेतली जाते. तेव्हा कोरडे वाटले की आधी स्वतःला प्रामाणिकपणे तपासावे. पहिले कारण सापडले, तर उपाय आपल्या हातात आहे आणि उपवासकाळ त्यासाठीच आहे. ते सापडले नाही, तर स्वतःला उगाच अपराधी ठरवत बसू नये. पुष्कळ भाविक माणसे इथेच घोटाळा करतात. पाऊस पडला नाही म्हणून ती शेतकऱ्यालाच दोष देतात.

या कोरडेपणाची आणखी एक बाजू आहे, आणि ती बारामतीच्या जिरायत भागाला चांगली ठाऊक आहे. नीरा डाव्या कालव्याचे पाणी तालुक्याच्या एका भागाला मिळाले. सुपे, मोरगावकडचा पट्टा आभाळाकडे बघत राहिला. साठ-सत्तरच्या दशकांत या कोरडवाहू भागात कामाच्या बदल्यात धान्य देऊन पाझर तलाव बांधले गेले. ‘कासा’ या चर्चच्या मदतसंस्थेचा त्या कामात वाटा होता. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना ते दिवस आठवत असतील. पाझर तलावाची गंमत अशी, की तो पावसाळ्यात भरतो आणि पुढे उतरत उतरत उन्हाळ्यात पार कोरडा दिसतो. नवख्या माणसाला वाटेल, तलाव गळका आहे. पण तो त्यासाठीच बांधलेला असतो. पाणी जमिनीत मुरते आणि खालच्या अंगाच्या विहिरींना उतरते. त्याच्या तळाला सिमेंटचा गिलावा केला, तर तलाव बराच काळ भरलेला दिसेल आणि खालच्या विहिरी मात्र आटतील.

आपली प्रार्थना कधी कधी अशी मुरते. वर काही दिसत नाही, काही जाणवत नाही. पण खालच्या विहिरीत डोकावून पाहा. अंथरुणाला खिळलेल्या सासूचे करताना पूर्वी येणारा राग कमी झाला आहे का? भावाशी बांधावरून असलेला वाद मिटवावा असे वाटू लागले आहे का? मजुराचा हिशेब चोख ठेवण्याची बोच लागते का? तसे असेल, तर तुमची प्रार्थना वाया गेलेली नाही. ती दुसऱ्याच्या विहिरीला लागली आहे. प्रार्थनेत मला काय वाटले, यापेक्षा माझ्यामुळे कोणाची तहान भागली, हा प्रश्न शुभवर्तमानाला अधिक जवळचा आहे.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच काळातले आहे. १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगला जाताना रेल्वेगाडीत मदर तेरेसांना गरिबांतल्या गरिबांची सेवा करण्याचे पाचारण झाले. त्या काळात येशूची जवळीक त्यांना फार उत्कटपणे जाणवत होती. पण काम सुरू झाले आणि ती जाणीव गेली. १९५८ साली मिळालेला थोडा दिलासा सोडला, तर जवळजवळ पन्नास वर्षे त्यांच्या अंतःकरणात अंधार होता. जगाला त्यांचे हसू दिसत होते. आतला अंधार फक्त त्यांच्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना माहीत होता. त्यांची पत्रे २००७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली, तेव्हा काही लोक म्हणाले की या बाईंची श्रद्धाच नव्हती. ख्रिस्तसभेने मात्र ही सारी पत्रे वाचून, पारखून, २०१६ साली त्यांना संतपद जाहीर केले.

या कथेतला एक धागा आपल्या पुणे जिल्ह्यात येतो. फादर जोसेफ नॉयनर हे ऑस्ट्रियात जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू. पुण्यात रामवाडीच्या आजच्या ज्ञानदीप विद्यापीठात त्यांनी धर्मगुरूंच्या कित्येक पिढ्यांना ईशज्ञान शिकवले. २००९ साली वयाच्या १०१ व्या वर्षी पुण्यातच ते प्रभूकडे गेले. १९६१ च्या सुमारास मदरनी त्यांच्यापाशी आपला अंधार उघड केला. फादरांनी त्यांना तीन गोष्टी सांगितल्या. या अंधारावर माणसाच्या हातचा उपाय नाही, तेव्हा त्यासाठी स्वतःला जबाबदार धरू नका. येशू जाणवणे हाच तो जवळ असल्याचा एकमेव पुरावा नव्हे; त्याच्यासाठी होणारी तुमची तगमग हीच तो आत असल्याची खूण आहे. आणि हा अंधार तुमच्या सेवेचाच एक भाग आहे, येशूच्या दुःखसहनातला तुमचा वाटा आहे. त्यानंतर मदरनी त्यांना लिहिले की, अकरा वर्षांत पहिल्यांदाच आपल्याला हा अंधार प्रिय वाटू लागला आहे.

अंधार गेला नाही, हे लक्षात घ्या. मरेपर्यंत गेला नाही. बदलला तो त्याचा अर्थ. कोणीतरी जाणत्या माणसाने त्यांचे म्हणणे ऐकून घेतले, त्यांना दोष दिला नाही, आणि ही वाट येशूकडेच जाते असे सांगितले. एवढ्याने एका संतिणीला पुढची छत्तीस वर्षे चालण्याचे बळ मिळाले. एकमेकांचे ऐकून घेण्यात किती ताकद असते!

आता आपण काय करावे, ते थोडक्यात पाहू.

१. ठरलेली वेळ सोडू नये. मन खिन्न असताना पूर्वीचा चांगला निश्चय बदलू नये, असा संत इग्नेशियस यांचा नियम आहे. उलट प्रार्थना ठरल्यापेक्षा थोडी जास्त करावी, कमी करू नये, असे ते सांगतात. आविलाच्या संत तेरेसाने तर लिहून ठेवले आहे की, काही वर्षे प्रार्थनेला बसल्यावर तिचे लक्ष प्रार्थनेपेक्षा घड्याळाच्या ठोक्याकडे असे. तरी ती उठून गेली नाही. आषाढी वारीची तुकोबांची पालखी दरवर्षी आपल्या दोन्ही तालुक्यांतून जाते. वारकऱ्यांच्या पायांना फोड येतात, पावसात भिजून अंगात कणकण भरते. प्रत्येक पावलाला आनंद कुठून असणार? पण पाऊल पडत राहते. शेजाऱ्यांकडून एवढे तरी आपण शिकावे.

२. स्वतःचे शब्द सुचत नसतील तर ख्रिस्तसभेचे शब्द घ्यावेत. प्रभूची प्रार्थना, नमो मरिये, स्तोत्रे ही अशा दिवसांसाठीच आहेत. स्तोत्र ६३ तर निर्जल, रुक्ष भूमीत उभे राहून म्हटलेले आहे. एक ओळ हळू म्हणावी, थांबावे, पुन्हा म्हणावी. संत तेरेसाने प्रार्थनेची तुलना बागेला पाणी देण्याशी केली आहे. आधी विहिरीतून शेंदून, मग रहाटाने, मग वाहत्या पाण्याने, आणि शेवटी पावसाने. शेंदायला कष्ट फार आणि पाणी थोडे. विहीर आटलीच, तर माळ्याने आपल्या परीने होईल ते करावे, देव पाण्यावाचूनही फुले जगवतो, असा तिचा अनुभव आहे.

३. चारी साफ ठेवावी. कालव्याची दोन आवर्तने यांच्यामध्ये चारी कोरडी असते. म्हणून कोणी ती बुजवून टाकत नाही. गाळ काढायला तीच वेळ सोयीची. पापनिवेदन, पवित्र कम्युनियन आणि शुक्रवारची क्रूसाची वाट यांतून आपला गाळ निघतो. पाणी सोडणे आपल्या हातात नाही. पाणी सुटेल तेव्हा चारी तयार असणे आपल्या हातात आहे.

४. गोडीच्या मागे धावू नये. एका प्रार्थनासभेत काही वाटले नाही म्हणून दुसरीकडे, तिथून तिसरीकडे, असे काही जण फिरत राहतात. दर महिन्याला नव्या ठिकाणी बोअर घेतला तर पाणी कुठेच लागत नाही. एकाच जागी खोल जावे.

५. शरीर आणि मन यांचे दुखणे वेगळे ओळखावे. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूताने त्याला प्रवचन दिले नाही. भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून खायला घातले (१ राजे १९). रात्रपाळ्यांनी थकलेल्या माणसाला कधी कधी विश्रांतीची गरज असते. आणि झोप उडाली, जेवण सुटले, कशातच रस उरला नाही, जगू नये असे वाटू लागले, तर हा केवळ प्रार्थनेतला कोरडेपणा नसून आजार असू शकतो. अशा वेळी लगेच घरच्यांना सांगावे आणि डॉक्टरांकडे जावे. त्यात लाज कसली? डॉक्टरांचे हातही देवानेच दिलेले आहेत.

६. एकट्याने सोसू नये. मदर तेरेसांनाही कोणाला तरी सांगावे लागले. धर्मगुरूंना सांगा, सिस्टरांना सांगा, एखाद्या समजूतदार मैत्रिणीला सांगा. आणि ऐकणाऱ्याने ‘तुमची श्रद्धा कमी पडते’ हे वाक्य कृपा करून उच्चारू नये.

शेवटी पुन्हा याकोबाच्या विहिरीपाशी जाऊ. ती शोमरोनी स्त्री भर दुपारी एकटी पाण्याला आली. रोजचाच घडा, रोजचीच वाट. प्रार्थना करावी, देव भेटावा, असे काही तिच्या मनात नव्हते. तरी प्रभू तिच्या आधी येऊन विहिरीवर बसला होता. आणि तो कसा होता? दमलेला, तहानलेला. जिवंत पाणी देणाऱ्याने आधी पाणी मागितले. पुढे क्रूसावर त्याने पुन्हा तहान सांगितली, आणि पित्याने आपल्याला का सोडले असे मोठ्याने विचारले. म्हणजे आपल्या कोरडेपणात असे कोणतेही ठिकाण नाही, जिथे तो आधी जाऊन बसलेला नाही. आपण त्याला शोधत फिरतो, आणि तो आपल्या रोजच्या विहिरीवर आपली वाट पाहत असतो. आपल्याला लागलेली तहान आणि त्याला लागलेली तहान तिथे एकमेकींना भेटतात.

या आठवड्यात आपण दोन गोष्टी करू या. ज्यांची प्रार्थना सुटली आहे, त्यांनी रोज फक्त दहा मिनिटे, काही वाटो न वाटो, प्रभूसमोर बसावे. आणि ज्यांची चालू आहे, त्यांनी आपल्या बाकावरच्या रिकाम्या जागेचा विचार करावा. त्या घरी जावे, चहा घ्यावा, त्यांची विचारपूस करावी. चर्चला का येत नाही, असे विचारू नये. कसे आहात, असे विचारावे. शोमरोनी स्त्री आपला घडा तिथेच ठेवून गावात धावत गेली आणि तिच्या सांगण्यावरून सारा गाव येशूकडे आला. आपल्यातल्या एकाने एकाला गाठले, तरी पुष्कळ झाले.

आपण प्रार्थना करू या :

हे प्रभू येशू, विहिरीपाशी दमून बसलेल्या तारका, आमच्याकडे आज तुला द्यायला सुंदर शब्द नाहीत. आमची ओंजळ रिकामी आहे, ती तशीच तुझ्यापुढे धरतो. जे आमच्यात तुला शोधून थकले आहेत, त्यांच्याजवळ तू बस. ज्यांना वाटते की तू सोडून गेलास, त्यांना आमच्या पावलांनी भेटायला जा. तुझी कृपा आमच्यात मुरू दे आणि आमच्या शेजाऱ्याच्या विहिरीला लागू दे. आणि पाऊस येईपर्यंत आम्हाला तुझ्या शेतात राबत राहण्याचे बळ दे. आमेन.